कामापुरतं, पण कामचलाऊ नव्हे

चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या महाऔष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या माथ्याशी एक जाड पोलादी पिंप आडवं टांगलेलं असतं. त्याला ड्रम म्हणतात. बॉयलरच्या भिंतींतल्या नळ्यांमधून उकळत वर आलेलं पाणी आणि वाफ यांची ताटातूट इथे होते. पाणी पुन्हा खाली उतरतं. वाफ पुढे जाऊन आणखी तापते, ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते आणि टर्बाइनच्या पात्यांवर आदळते. २९२० मेगावॅट क्षमतेचं हे केंद्र चालवताना कंट्रोल रूममधल्या इंजिनिअरची नजर तापमान, दाब, प्रवाह आणि ड्रममधली पाण्याची पातळी अशा मोजक्या आकड्यांवर खिळलेली असते. चमचाभर पाण्यात मोजायला गेलं तर १ वर २३ शून्यं मांडावी लागतील इतके रेणू असतात. त्यांतला एकही रेणू कुठे आहे, कुठल्या दिशेने धावतो आहे, हे त्या पॅनेलवर दिसत नाही, आणि ते दिसत नाही म्हणून वीज अडत नाही. इतकं प्रचंड अज्ञान पोटात घेऊन यंत्र बिनचूक कसं चालतं, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. भौतिकशास्त्राला तो पडला, आणि त्याच्या उत्तरातून गेल्या पन्नासएक वर्षांत विचाराची एक शिस्तच उभी राहिली. तिचं नाव इफेक्टिव्ह फील्ड थिअरी.

मराठीत याला ‘कामापुरता सिद्धांत’ म्हणता येईल. मात्र आपल्याकडे ‘कामापुरतं’ आणि ‘कामचलाऊ’ हे शब्द शेजारी नांदतात आणि पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. इथे तो घोटाळा महागात पडेल. दोरीने बांधलेला पाइप कामचलाऊ असतो. तो कधी सुटेल, किती दाबाला सुटेल, हे कुणी सांगू शकत नाही. कामापुरत्या गोष्टीची हद्द आधी ठरलेली असते, हद्दीच्या आत ती किती चुकेल याचा अंदाज बांधलेला असतो, आणि हद्द आली की ती स्वतःहून इशारा देते. या सिद्धांतांना ‘तात्पुरते’, ‘खऱ्या सिद्धांताची वाट पाहणारे’ म्हणून दुय्यम ठरवणं मला चुकीचं वाटतं. आपल्याला ठाऊक असलेलं जवळजवळ सगळं पक्कं भौतिकशास्त्र याच जातीचं आहे.

महसूल खात्याने हीच युक्ती शेतीसाठी कधीपासून वापरली आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल किंवा पलीकडे आरमोरी, वडसा या धानाच्या पट्ट्यात दरवर्षी पैसेवारी निघते. काही निवडक बांध्यांत ठरलेल्या मापाच्या तुकड्यावर कापणी प्रयोग होतो, धान झोडून वजन होतं, आणि त्यावरून गावाच्या हंगामाला एक आकडा मिळतो. तो पन्नास पैशांच्या खाली गेला की गाव टंचाईच्या सवलतींना पात्र ठरतं. जिल्हाधिकाऱ्याला प्रत्येक लोंबीत किती दाणे भरले हे कळण्याची गरज नसते. लाखो लोंब्यांची हकिकत त्या एका आकड्यात मुरलेली असते. वैनगंगेच्या पुराने नदीकाठच्या बांध्या बुडवल्या आणि वरच्या अंगाचं धान तरारून आलं, तर मात्र गावाचा आकडा ठीक दिसूनही अर्धं गाव उपाशी राहू शकतं. कुठला तपशील गाळायचा हे आपण कोणता प्रश्न विचारतो त्यावर ठरतं, आणि गाळलेला तपशील कधी उसळून वर येईल याची खबर ठेवावीच लागते. पैसेवारी ती खबर ठेवत नाही. भौतिकशास्त्रज्ञ ठेवतात, फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

तळातलं वास्तव चुकीचं धरूनही वरचा नियम खरा ठरू शकतो, याचा सर्वांत बोलका पुरावा वाफेच्याच इतिहासात सापडतो. १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच इंजिनिअरने उष्णतेच्या इंजिनाची कमाल कार्यक्षमता फक्त दोन तापमानांवर अवलंबून असते, असं दाखवलं. उष्णता हा ‘कॅलरिक’ नावाचा, कधीही न घटणारा द्रव आहे, अशी त्याची त्या वेळी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. कार्नोचा निष्कर्ष मात्र टिकला. पुढे केल्व्हिन आणि क्लॉसियस यांनी त्याला आजचं रूप दिलं. त्या हिशेबाने ५४० अंशांची वाफ आणि ४० अंशांवरचं शीतकरण यांमध्ये चालणारं आदर्शातलं आदर्श इंजिनही सुमारे ६१ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. खरं केंद्र त्याच्याही बरंच खाली राहतं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या पलीकडे गेला आणि थंड करायचं पाणीच कोमट झालं की कार्यक्षमता का घसरते, हेही त्याच सूत्रात आहे. अणूंचं अस्तित्व सर्वमान्य झालं ते आइन्स्टाइनचा १९०५ चा लेख आणि त्यानंतरचे जाँ पेरँ यांचे प्रयोग यांमुळे. म्हणजे कार्नोनंतर ऐंशीएक वर्षांनी. तोवर जगभर आगगाड्या धावत होत्या.

आता त्या ड्रमकडे परत येऊ. ड्रमची गरज का पडते? पाणी आणि वाफ हे दोन वेगळे प्रकार म्हणून एकत्र नांदतात म्हणून. पण दाब वातावरणाच्या सुमारे २१८ पट आणि तापमान ३७४ अंश झालं की हा भेदच संपतो. त्याला क्रांतिक बिंदू म्हणतात. नागपूरजवळच्या कोराडीतले ६६० मेगावॅटचे संच या बिंदूच्या वरच्या दाबाने, सुपरक्रिटिकल पद्धतीने चालतात, आणि म्हणूनच त्या बॉयलरांत पाणी-वाफ वेगळं करणारा ड्रम नसतो. वेगळं करायला काही उरलेलंच नसतं. या बिंदूजवळ पाणी आणि वाफ यांच्या घनतेतला फरक एका ठरावीक चालीने शून्याकडे जातो, आणि त्या चालीचा घातांक ०.३२६ च्या आसपास येतो. नवल पुढेच आहे. ज्याच्या अणूंचे सूक्ष्म चुंबक फक्त वर किंवा खाली तोंड करू शकतात, असं एखादं चुंबकीय स्फटिक तापवत नेलं की एका तापमानाला त्याचं चुंबकत्व मावळतं. ते मावळण्याचा घातांकही ०.३२६ च. पाण्याच्या रेणूचा आणि त्या स्फटिकाचा काडीचाही संबंध नाही. गडचिरोलीत सुरजागडच्या टेकड्यांतून निघणाऱ्या खनिजापासून बनणारं लोखंड ७७० अंशांना चुंबकत्व गमावतं, पण त्याचा घातांक थोडा वेगळा असतो, कारण लोखंडातले सूक्ष्म चुंबक तिन्ही मितींत कुठेही तोंड वळवू शकतात. अणू कुठला, बंध कसले, स्फटिकाची जाळी कशी, हे सारं पुसलं जातं. उरतात दोन गोष्टी: जागेच्या मिती किती, आणि तोंड वळवायच्या दिशा किती.

हे का घडतं, ते आधी लिओ कॅडानॉफ यांना १९६६ मध्ये सुचलं आणि १९७१ मध्ये केनेथ विल्सन यांनी ते गणितात बसवलं. चुंबकांचे छोटे गट करा, प्रत्येक गटाला एकच चुंबक समजा, मग त्या गटांचे गट करा. गावाचा आकडा तालुक्यात, तालुक्याचा जिल्ह्यात, असं चढत जाताना प्रत्येक पायरीवर बघायचं की नियमांतला कोणता भाग वाढतो आणि कोणता विरून जातो. विल्सन यांनी दाखवलं की जवळजवळ सगळं विरतं आणि मोजकंच उरतं. कोणतं उरेल हेही आधीच सांगता येतं. १९८२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. इफेक्टिव्ह थिअरीला बळ दिलं ते या शोधाने, कारण तपशील गाळणं ही सोय आहे की निसर्गाचा नियम, हा वाद त्याने जवळपास मिटवला.

याचं सर्वांत साधं उदाहरण पाहायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. पावसाळा संपल्यावर एखाद्या स्वच्छ सकाळी चंद्रपूरच्या रामाळा तलावाच्या काठावरून दिसणारं आभाळ गडद निळं असतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि हवेचे रेणू तिच्या हजाराव्या भागाहूनही लहान. इतक्या लांब लाटेला रेणूच्या आतलं काही दिसत नाही. तिला कळतं ते फक्त एवढंच की विद्युतक्षेत्राखाली हा रेणू जरासा ताणला जातो. किती, हे सांगणारा एक आकडा पुरतो. त्या एका गोष्टीवरून लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये काढलं की विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४०० नॅनोमीटरचा प्रकाश ७०० च्या मानाने नऊपटींहून अधिक विखुरतो. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. रॅले यांना रेणूच्या पोटातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांचं काही अडलंही नाही. आता तेच आभाळ मे महिन्यात पाहा. कोळशाची भुकटी, राख, रस्त्यावरची धूळ. आभाळ पांढुरकं, पितळी. सूत्र खोटं ठरलं का? धुळीच्या कणांचा आकार तरंगलांबीच्या बरोबरीचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि ‘कण लाटेपेक्षा खूप लहान’ ही अटच तिथे मोडते. सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि पांढरं दिसतं. सिद्धांताने आपली हद्द आधीच सांगितली होती. चंद्रपूरचा उन्हाळा त्या हद्दीपलीकडे राहतो, इतकंच.

कणभौतिकीत या विचाराची कसोटी लागली ती एन्रिको फर्मी यांच्या सिद्धांतावर. १९३४ मध्ये त्यांनी किरणोत्सारी बीटा ऱ्हासाचं वर्णन करताना असं धरलं की न्यूट्रॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो हे चौघे एकाच बिंदूत भेटतात, आणि त्या भेटीची ताकद एका स्थिरांकाने ठरते. भेटीचं नेमकं गणिती रूप काय, हे १९५७ मध्ये जॉर्ज सुदर्शन आणि रॉबर्ट मार्शाक यांनी शोधून काढलं. हे सुदर्शन अमेरिकेला जाण्याआधी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये काम करत होते. सिद्धांत कमालीचा यशस्वी ठरला, पण त्याच्या पोटात एक घड्याळ टिकटिकत होतं. फर्मींच्या स्थिरांकाचं एककच असं आहे की ऊर्जा वाढवत नेली की टक्कर होण्याची शक्यता वाढत जाते, आणि काहीशे गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला ती शंभर टक्क्यांच्या वर जाते. शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जात नसते. तेव्हा त्या ऊर्जेच्या आत काहीतरी नवं सापडायलाच हवं होतं. १९८३ मध्ये युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत डब्ल्यू बोसॉन सापडला, सुमारे ८० गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, प्रोटॉनच्या ८६ पट वजनाचा. बिंदू हा बिंदू नव्हताच. तिथे एक जड कण क्षणभर ये-जा करत होता. आणि त्या कणाच्या वजनावरून फर्मींचा जुना स्थिरांक गणिताने काढता येतो. वरचा आणि खालचा सिद्धांत असे एकमेकांच्या हिशेबात जुळतात.

तरीही असे सिद्धांत बराच काळ सदोष मानले जात, कारण अचूकता वाढवत गेलं की त्यांत नवेनवे स्थिरांक शिरतात आणि त्यांना अंत नसतो. १९७९ मध्ये स्टीव्हन वाइनबर्ग यांनी ही भीती मोडून काढली. सममिती ज्यांना परवानगी देते ती सगळी पदं बेधडक लिहा, त्यांना ऊर्जेच्या घातांकाप्रमाणे रांगेत लावा. स्थिरांक अनंत असले तरी ठरलेल्या अचूकतेसाठी रांगेतली पहिली काहीच लागतात. त्याच वर्षी वाइनबर्ग यांनी हीच रांग कणांच्या प्रमाणित प्रतिकृतीपुढे (स्टँडर्ड मॉडेल) चालवून पाहिली. रांगेतलं पहिलंच जादा पद न्यूट्रिनोंना अगदी लहान वस्तुमान देतं. पुढचं पद प्रोटॉनचा ऱ्हास घडवतं. न्यूट्रिनोंचं वस्तुमान १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने पक्कं झालं. प्रोटॉन मात्र ढिम्म आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जिथे टीआयएफआरच्या चमूने इंग्लंड-जपानच्या साथीदारांसह १९६५ मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या होत्या, तिथेच १९८० च्या दशकात प्रोटॉनचा मृत्यू शोधायचा प्रयोग उभा राहिला. खात्रीची एकही घटना मिळाली नाही, आणि आज ऱ्हासाच्या मुख्य वाटेसाठी प्रोटॉनचं आयुष्य १ वर ३४ शून्यं इतक्या वर्षांहून जास्त आहे एवढंच ठाऊक आहे. टीआयएफआरमध्येच अमोल दिघे आणि त्यांचे सहकारी बी-मेसॉन कणांच्या ऱ्हासाबाबत हीच पद्धत वापरत आले: नवं भौतिकशास्त्र नेमकं कसलं हे न ठरवता, जे जे प्रकार संभवतात ते सगळे मांडायचे आणि मोजमापांशी ताडायचे.

या साऱ्यावर हरकत घेणारे म्हणतील की ही अज्ञानाला पोशाख चढवण्याची कला झाली. खालचं कळत नाही म्हणून ‘कळायची गरज नाही’ असं म्हणायचं. या हरकतीत दम असता, जर तळाचा सिद्धांत हाती आल्यावर वरचे निकामी झाले असते. तसं होत नाही. पाण्याच्या रेणूचं समीकरण आपल्याला नीट ठाऊक आहे, आणि तरीही ड्रमची पातळी त्यावरून कुणी काढत नाही. दुसरी हरकत अधिक जड आहे: मापांमध्ये मोठी दरी नसेल तिथे हा हिशेब लंगडतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेत मान्सूनचं प्रारूप चालवताना आभाळ काही किलोमीटरच्या चौकटींत कापावं लागतं. ढग त्या चौकटीहून लहान असतात, पण फार लहान नसतात, आणि खळाळत्या हवेत मोठ्या भोवऱ्यापासून लहान भोवऱ्यापर्यंत अधलीमधली सगळी मापं हजर असतात. कुठे कापायचं? म्हणून ढगांसाठी घातलेले आकडे आजही पुष्कळसे ठोकताळ्याचे असतात. ताडोब्यातले वाघ पट्ट्यांवरून, एकेक करून मोजतात ते वेगळ्या कारणासाठी: इतक्या थोड्या संख्येत सरासरीला काही अर्थ उरत नाही.

तिसरी हरकत खुद्द भौतिकशास्त्रज्ञांची आहे आणि तिचं समाधानकारक उत्तर अजून कुणाकडे नाही. याच विचाराने अंदाज बांधला तर २०१२ मध्ये सापडलेल्या हिग्ज कणाचं वस्तुमान इतकं कमी का, याचं कारण म्हणून सर्नच्या यंत्रात नवे कण दिसायला हवे होते. ते दिसले नाहीत. रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेचा अंदाज तर प्रत्यक्षाहून डझनावारी शून्यांनी मोठा येतो. हिग्जच्या बाबतीत चुकली ती पद्धत नव्हे, ‘आकडे साधारण सारख्या मापाचे असावेत’ ही आपली रसिक अपेक्षा, असं म्हणता येतं. अवकाशाच्या ऊर्जेबाबत मात्र मला एवढ्यावर सुटका करून घेता येत नाही. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी मापं तिथे एकमेकांत गुंतलेली असावीत अशी शंका येते, आणि ती खरी ठरली तर या शिस्तीच्या मुळालाच हात घातला जाईल.

दरम्यान, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. तिला तत्त्वतः मान्यता मिळाली फेब्रुवारी २०१६ मध्ये, आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किलोमीटरचे असतील. गोंगाटात बुडालेली गुरुत्वीय लहर शोधायची तर तिचा आकार आधीच मोजून ठेवून ताडून पाहावा लागतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये या तंत्राचा पाया घातला. तो आकार काढताना इफेक्टिव्ह थिअरी कशी लागते पाहा. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येत आहेत आणि लहरीची वारंवारता १०० हर्ट्झ झाली आहे, असं समजा. ताऱ्याची त्रिज्या सुमारे १२ किलोमीटर. दोघांतलं अंतर सुमारे १५० किलोमीटर. लहरीची लांबी ३००० किलोमीटर, म्हणजे जवळपास काश्मीर ते कन्याकुमारी. तीन मापं, मध्ये ऐसपैस दऱ्या. वॉल्टर गोल्डबर्गर आणि आयरा रॉथस्टाइन यांनी २००४ पासून मांडलेल्या पद्धतीत तारे सरळ बिंदू धरले जातात, आणि त्यांच्या पोटात काय आहे त्यासाठी रांगेत बरंच मागे एक रकाना मोकळा सोडलेला असतो: जोडीदाराच्या ओढीने तारा किती ताणला जातो, तो आकडा. रॅलेंच्या रेणूसाठी होता तसाच. कृष्णविवरांसाठी हा आकडा शून्य येतो. न्यूट्रॉन ताऱ्यांसाठी १७ ऑगस्ट २०१७ ला टिपलेल्या लहरीने त्याला ८०० च्या आसपास वरची मर्यादा घातली, एवढंच. अणुगर्भाहूनही दाट पदार्थ किती ताठ असतो ते या आकड्यात दडलेलं आहे, आणि त्याचा ठसा उमटतो तो टक्करीआधीच्या शेवटच्या काही गिरक्यांत, जेव्हा १२ आणि १५० मधली दरी बुजत आलेली असते.